ढोले साहेबांच्या लॉनवर पाय ठेवू नये

आमच्या लेआउटात कोणी नवीन राहायला आलं, की त्याला नळ कधी येतो आणि दूधवाला कोणता चांगला हे सांगून झाल्यावर ढोले साहेबांच्या लॉनचा एखादा किस्सा सांगितला जातो. एक सांगायला घेतला की सांगणाऱ्यालाच दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसऱ्याची भर पडते आणि चहा थंड होतो. मी साहेबांची शेजारीण. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून त्यांचं अख्खं अंगण दिसतं, त्यामुळे माझ्याकडे इतरांपेक्षा जरा जास्तच साठा आहे. लोक हसतात, त्यांच्यासोबत मीही हसते. पण खरं सांगायचं तर यातल्या एकाही किश्शावर मला मनापासून हसू आलेलं नाही.

मी थूल सिस्टर. जन्म दवाखान्याच्या वॉर्डात गेला, आता रिटायर आहे. तरी सेवाग्राम रोडपासून आमच्या लेनपर्यंत मला कोणी नावानं हाक मारत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात.

* * *

सुरुवात कमलताईच्या आजारपणानं झाली. कमलताई म्हणजे साहेबांची बायको, माहेर हिंगणीचं. एका सकाळी चहा गाळता गाळता तिचं उजवं अंग गेलं. लकवा. दवाखान्यातून घरी आली ती वॉकर धरून. बोलणं मात्र पूर्ण शाबूत होतं, आणि साहेबांना पुढे तेच जड गेलं.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी फार चांगली होती. तिनं साहेबांना समोर बसवून सांगितलं, "काका, रोज सकाळी ह्यांना अनवाणी गवतावर चालवा. खाली काय आहे ते तळव्याला कळलं पाहिजे. लवकर सुरू केलं तर पाय परत येईल. उशीर झाला तर मग येणार नाही." एवढीच गोष्ट होती. पुढचे सगळे किस्से या एका वाक्यातून निघाले.

अंगणात तेव्हा गवत होतंच. हरळी होती, मधे मधे मोथा, कंपाउंडच्या कडेला थोडं गाजरगवत. गाजरगवत उपटून टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी चालता आलं असतं. पण ढोले साहेब पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. रिटायर झाले म्हणून काय झालं? त्यांनी जेसीबी बोलावला, वरचा थर खरवडून काढला, लाल माती टाकून घेतली आणि नागपूरच्या नर्सरीतून गालिच्यासारखं गुंडाळलेलं लॉन ट्रकात घालून आणलं.

"होतं ना गवत," कमलताई ओसरीतल्या खुर्चीवरून म्हणाली. "त्याच्यावर काऊन नाई चालाचं?"

"ते गवत नाई, कचरा होता. तुह्यासाठी लॉन आणलं."

लॉन अंथरून झाल्यावर नर्सरीवाला सांगून गेला, मुळं धरेपर्यंत याच्यावर पाय पडू देऊ नका. साहेबांनी चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि एक पाटी रंगवून आणली, 'लॉनवर पाय ठेवू नये'.

मून सर आमच्या लेनमधले हायस्कूलचे रिटायर मास्तर. सकाळी फिरून येताना ते गेटवर थांबले, पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "साहेब, हे लॉन कशासाठी आहे म्हणता?"

"चालण्यासाठी," साहेब म्हणाले.

* * *

मुळं धरली. पण त्याच्या आधी हरळीनं धरली. जेसीबीनं काय काय खरवडलं असेल ते असो, हरळीचं एक कांडं मातीत राहिलं तरी तिला पुरतं. लॉनच्या मऊ पात्यांतून तिचे राठ दोर बाहेर यायला लागले, आणि साहेबांना ते आपल्या घरात अनोळखी माणूस येऊन बसल्यासारखं वाटायला लागलं.

गुल्हाने भाऊंचं घर आमच्याच लेनमध्ये आणि बाजारात कृषी केंद्र. हंगामाचे दिवस, दुकानात सोयाबीन-कपाशीवाल्यांची गर्दी. साहेब तिथं गेले, हा किस्सा गुल्हाने भाऊ स्वतः सांगतात.

साहेब म्हणाले, "गवत मारायचं औषध द्या."

गुल्हाने भाऊंनी सवयीनं विचारलं, "कोणत्या पिकात मारता?"

"गवतात."

काउंटरवरचे शेतकरी मागं वळून बघायला लागले. गुल्हाने भाऊ म्हणाले, "साहेब, तुमचं पीकही गवत आन तणही गवत. दवाईले कसं कळन कोणतं मारू आन कोणतं ठेवू?"

साहेबांना यात काही अवघड वाटलं नाही. "जे मी आणलं ते ठेवायचं. जे आपोआप आलं ते मारायचं."

गुल्हाने भाऊ हे सांगतात तेव्हा लोक पोट धरून हसतात. मला मात्र दरवेळी कमलताईचा लकवा आठवतो. तोही आपोआपच आला होता.

* * *

पहिली फवारणी साहेबांनी स्वतः केली. पंप पाठीवर, तोंडाला रुमाल, डोक्याला नोकरीतलं हेल्मेट. पंपाला औषध किती घालायचं ते गुल्हाने भाऊंनी नीट सांगितलं होतं. साहेबांनी त्याच्या दुप्पट घातलं.

"आम्ही भिंत बांधतो तेव्हा जादाच धरतो," ते म्हणाले. "काटोकाट धरून काम टिकत नाई."

आठवडा उलटला तेव्हा लॉनवर पिवळे पट्टे उठले. साहेब जसे चालत गेले होते तसे, सरळ, समांतर, एकाच रुंदीचे. मून सर गेटवर थांबले आणि म्हणाले, "कॅनॉल चांगले काढले, साहेब." पट्ट्यांतलं नर्सरीचं लॉन मेलं होतं. थोड्या दिवसांनी त्याच पट्ट्यांत हिरवं काही दिसलं. साहेब आनंदानं वाकून बघायला गेले. हरळी होती.

"आता चालू काय?" कमलताईनं खुर्चीवरून विचारलं.

"थांब. पुन्हा मारा लागते."

फवारलेल्या ओल्या गवतावर पाय ठेवू नये हे बरोबरच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते वाळलं न वाळलं तोच पुन्हा फवारण्याशी. हरळी वाट बघते, मोथाही वाट बघतो. लकवा मारलेला पाय वाट बघत नाही. हे मी साहेबांना गेटवर उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, एवढी एक फवारणी होऊ द्या." त्यानंतरची प्रत्येक फवारणी 'एवढी एक' होती.

* * *

हा किस्सा मी फारसा कोणाला सांगत नाही.

पावसाळ्यात मी त्यांच्याकडे कढी द्यायला गेले. साहेब मागच्या नळाजवळ बसून औषध मोजत होते. हातात प्लास्टिकची छोटी वाटी, कडेला रेघा असलेली. मी ती वाटी ओळखली. कमलताईच्या पातळ औषधाच्या बाटलीवरची होती.

वॉर्डात मी फवारणीची विषबाधा झालेली माणसं पाहिली आहेत. धडधाकट, शेतातून सरळ आणलेली. काहींनी तर नुसता पंप धुतला होता. मी कढीचं भांडं जमिनीवर ठेवलं, त्यांच्या हातातली वाटी हिसकून घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना 'साहेब' न म्हणता बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. समोरच्या घरच्या बाया गॅलरीत आल्या, एवढं सांगते.

साहेब शांत होते. "धुतो ना साबणानं," म्हणाले.

"हिचं औषध यातच देता?"

"हिच्या औषधानं काई फरक पडून नाई राह्यला, सिस्टर," ते लॉनकडे बघत म्हणाले. "याच्यानं तं पडून राह्यला."

मी वाटी ठेचून कचऱ्यात टाकली आणि घरी आले. कढी तिथंच राहिली. त्या माणसाचा मला संताप आला होता, आणि त्या एका वाक्यामुळे थोडी दयाही आली होती. दोन्ही अजून तशीच आहेत, एकानं दुसऱ्याला कमी केलेलं नाही.

* * *

गणपतीच्या दिवसांतला हा किस्सा मून सरांचा आवडता. मून सर आणि मी दोघंही बौद्ध, आमच्या घरी गणपती नाही. त्यामुळे हा सांगताना त्यांना जरा जास्त मजा येते.

साहेबांच्या घरी गणपती बसतो. सकाळी पूजेची तयारी झाली आणि लक्षात आलं, दूर्वा नाहीत. दूर्वा म्हणजे हरळीच. पावसाळाभर ज्या अंगणातून माणूस हरळीचं पातंन् पातं शोधून मारत होता, त्या अंगणात देवाला वाहायला एक जुडी निघेना. जे चार कोंब होते त्यांच्यावर आदल्या दिवशीच औषध पडलेलं. साहेब स्कूटर काढून बाजारात गेले आणि दूर्वांच्या जुड्या घेऊन आले.

मून सर म्हणाले, "साहेब, देवाला सांगा, याची मुळं इथं टाकू नका."

कमलताई जुडी हातात घेऊन बसली होती. डाव्या हातानं एक एक काडी वेगळी करत होती. उजवा हात मांडीवर होता. तिनं त्यातली एक काडी उचलून उजव्या पायाच्या तळव्याला लावली आणि डोळे मिटले.

"काय करून राह्यली?" साहेबांनी विचारलं.

"पाहून राह्यली," ती म्हणाली.

हा भाग मून सर सांगत नाहीत. त्यांचं लक्ष प्रसादाकडे होतं.

* * *

मोथ्याचं प्रकरण हरळीपेक्षा वाईट. मोथ्याला जमिनीखाली गाठी असतात, वरचं जळालं तरी खालून येतो. गुल्हाने भाऊंनी सुचवलं, सगळीकडे फवारण्यापेक्षा ब्रशनं फक्त मोथ्याच्या पात्यांना औषध लावा, लॉन वाचेल.

मग साहेब रोज सकाळी पाटावर बसायला लागले. हातमोजे, डब्यात औषध, रंगाचा बारीक ब्रश. एक पातं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचं, हळूच सरळ करायचं, खालून वर ब्रश फिरवायचा. मग पुढचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत. मी खिडकीतून भाजी चिरता चिरता बघत असे. एवढं हलक्या हातानं काम करणारा पुरुष मी वॉर्डातसुद्धा कमीच पाहिला.

त्याच वेळेला कमलताईच्या बोटांचा व्यायाम असायचा. एक एक बोट धरून सरळ करायचं, तेल लावायचं, दाबायचं. व्यायामवाली मुलगी आठवड्यातून एकदा यायची, बाकी दिवस घरच्यांनी करायचं होतं. घरचं म्हणजे साहेबच. मुलगा परदेशात. म्हणून ते मीच करत असे, भाजी झाली की.

एकदा मी तिचं बोट धरून बसले होते. ती साहेबांकडे बघत होती. म्हणाली, "सिस्टर, मी मोथा असती तं बरं झालं असतं. रोज हात तं लागला असता."

मी हसले, कारण ती हसत होती. घरी येऊन पोळ्या लाटताना रडले.

* * *

आमच्या दोघींच्या घरांपलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला. तिथं कोणी काही लावलं नाही आणि कोणी काही मारलं नाही, त्यामुळे तिथं सगळं होतं. हरळी, मोथा, कुसळी गवत, मधून गाईंच्या येण्याजाण्यानं पडलेली मऊ पायवाट.

दिवाळीनंतर साहेब नवीन औषधासाठी नागपूरला गेले होते. कमलताई मला म्हणाली, "मले तिकडं घेऊन चाला."

गेलो. प्लॉटच्या कडेला मी तिची चप्पल काढून हातात घेतली. तिनं डावा पाय टाकला, मग उजवा ओढला. दव होतं. ती थांबली आणि बराच वेळ खाली बघत राहिली.

"थंड लागून राह्यलं," म्हणाली. "उजव्या पायालेही."

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. साहेब त्या वेळेला मून सरांबरोबर फिरायला जात, त्यांच्या पाठोपाठ आम्ही निघत असू. शाळा बुडवणाऱ्या पोरींसारखं चालायचं आमचं. ती हिंगणीच्या गोष्टी सांगायची. लहानपणी चप्पल फक्त लग्नाकार्याला आणि वर्ध्याला येताना. एके दिवशी तिच्या उजव्या पायाचा अंगठा गवतात वळला. आपला आपण. मी बसून पाहिलं, पुन्हा वळवायला लावला. पुन्हा वळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा आनंद मोजक्या वेळा झाला आहे.

आम्हाला पकडून दिलं ते कुसळांनी. साहेबांना तिच्या लुगड्याच्या काठाला कुसळं दिसली. कुठं गेली होती, कशी गेली होती, पडली असती तर, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. कुसळं एक एक काढून कागदात गोळा केली आणि म्हणाले, "म्हणजे बी तिकडून येऊन राह्यलं."

दोन माणसं लावून त्यांनी अख्खा प्लॉट फवारून घेतला. लॉनसारखं निवडून नव्हे. सगळंच जाळणारं औषध. पंधरवड्यात तिथं तांबडा पाला आणि खाली भेगाळलेली काळी माती उरली. लेआउटातल्या लोकांनी साहेबांचं कौतुक केलं. साप-विंचवाची भीती गेली, आपलं लेआउट स्वच्छ झालं. मून सर म्हणाले, "आपण नुसते बोलतो, साहेब करून दाखवतात." त्या दिवसापासून मी मून सरांना चहा विचारत नाही.

साहेब ओसरीत येऊन कमलताईला म्हणाले, "आता तिकडून एक बी येणार नाई. पाह्यजो तू."

व्यायामाच्या मुलीनं नंतर पाय तपासला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, मधे सुधारणा होती ना? थांबली का?"

* * *

आता शेवटचा. हा कोणी नवीन माणसाला सांगत नाही. पण मून सर, गुल्हाने भाऊ आणि मी, आम्ही तिघंही तिथं होतो.

थंडी सरता सरता साहेबांचं लॉन झालं. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असं झालं होतं. एक काडी वेगळी नाही, एक पातं वर नाही. साहेबांनी पाटी काढली, सुतळी सोडली आणि रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. गेटजवळ टेबल, त्यावर तर्रीपोहे आणि चहा. गुल्हाने भाऊ दुकान उशिरा उघडतो म्हणून आले, मून सर इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"आज कमलचं उद्घाटन," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी ते स्वतः पाहिलं, त्यात नाटक नव्हतं.

त्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं, वॉकर हातात दिला, हाताला धरून ओसरीच्या पायऱ्या उतरवल्या. लॉनच्या कडेला आल्यावर ते तिच्या पायाशी खाली बसले, चप्पल काढायला. गुल्हाने भाऊंनी फोन काढून फोटोची तयारी केली.

कमलताईनं पाय मागं घेतला.

"राहू द्या चप्पल," ती म्हणाली.

"अवो, लॉन आहे. तुह्यासाठीच तं केलं. अनवाणीच चालाचं."

"राहू द्या."

ती चप्पल घालूनच लॉनवर आली. वॉकरचे चार पाय दर पावलाला मऊ मातीत रुतत होते आणि उपसताना बारीक माती वर येत होती. साहेब बसल्या जागेवरून त्या भोकांकडे बघत होते. कोणी हात पुढे केला नाही, तिनं मागितलाही नाही. लॉन ओलांडून ती आमच्या टेबलापाशी आली, आमच्याकडे न बघता गेटची कडी डाव्या हातानं काढली आणि बाहेर पडली. मी उठले, पण तिनं मान हलवली, तशी पुन्हा बसले.

"कमल, तिकडं काय आहे?" साहेबांनी मागून विचारलं. "तिकडं तं काईच नाई आता."

ती रस्त्याच्या कडेकडेनं त्या जळालेल्या प्लॉटपर्यंत गेली. तिथं वॉकर घट्ट धरून उभी राहिली. मग तिनं आधी डावी चप्पल काढली आणि नंतर, बराच वेळ लावून, उजवी.